ब्रह्मदेवाचं पाचवं तोंड बोलत काय होतं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

भाची सुट्टीला आलीय पुण्याहून, तिसरीतली. सोमवारी संध्याकाळी तिला आपल्या नाशकातल्या कपालेश्वरला, शंकराच्या देवळात, घेऊन गेले. पायऱ्या चढून वर गेलो, दर्शन झालं, बाहेर येताना ती थबकली आणि म्हणाली, "मावशी, इथे नंदीच नाहीये!" आता पंचवटीतल्या कुठल्याही पोराला ही गोष्ट पाठ असते, मी पण आजीकडून ऐकलेली, तीच तिला सांगितली. की ब्रह्मदेवाला आधी पाच तोंडं होती, चार तोंडं वेद म्हणायची आणि पाचवं नुसती निंदा करायचं, शंकराला राग आला आणि त्याने ते उडवलं. मग ब्रह्महत्येचं पाप लागलं, ते फेडायला शंकर त्रिभुवन फिरला तरी सुटेना. फिरत फिरत एका ब्राह्मणाच्या दाराशी आला तर तिथे गाय आणि वासरू बोलत होते. वासरू म्हणत होतं उद्या हा मला वेसण घालणार, मी ह्याला शिंगाने मारणार, आणि ते पाप कुठे धुवायचं तेही मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तसंच झालं, वासरू काळंठिक्कर पडलं आणि शेपटी वर करून जे पळत सुटलं ते थेट गोदेत, रामकुंडात उडी. बाहेर आलं ते पांढरंशुभ्र. शंकर मागोमाग होताच, त्याने पण तिथेच बुडी मारली आणि मोकळा झाला. म्हणून इथे नंदी म्हणजे गुरू, आणि गुरूला आपल्यापुढे वाहन म्हणून कसं बसवणार.

एवढं सगळं मी रंगवून सांगितलं आणि पोरगी म्हणाली, "पण मावशी, ते पाचवं तोंड बोलत काय होतं? आणि बाकी चौघांना वेद येत होते तर ह्यालाच निंदा कुणी शिकवली?"

मी गप्प. चाळीस वर्षं ही गोष्ट ऐकतेय सांगतेय, माझ्या डोक्यात हा प्रश्न कधी आलाच नाही. नंदीकडे लक्ष असतं सगळ्यांचं, ज्याचं डोकं गेलं त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

रात्री झोप लागेना तेव्हा आणखी एक गोष्ट सुचली. आपण म्हणतो ब्रह्मदेवाची पूजा होत नाही, त्याला देऊळ नाही. पण आमचे बाबा रोज सकाळी पूजेला बसले की संकल्पात काय म्हणतात? ब्रह्मणो द्वितीये परार्धे, श्वेतवाराहकल्पे, मग मन्वंतर, मग कलियुग, मग गोदावर्याः उत्तरे तीरे (आम्ही पंचवटीत म्हणून उत्तर तीर, मामा जुन्या नाशकात राहतो त्याच्याकडे दक्षिण तीर). म्हणजे ब्रह्मदेवाची पन्नास वर्षं संपली आणि आता एक्कावन्नाव्याचा पहिला दिवस चाललाय असं आपण रोज देवाला सांगतो. ज्याची पूजा नाही त्याच्या वयावरून आपण तारीख मोजतो! मग हा देव विसरलेला कसा?

तर माझं विचारणं असं की चार तोंडं, ते पाचवं, हंस, कमळ, कमंडलू, ह्या सगळ्याचा तुम्हाला काय अर्थ लागतो? पुस्तकी पण चालेल पण आपल्या घरात, गावात, बोलण्यात कुठे दिसतं ते जास्त आवडेल. पोरगी रविवारी परत जातेय, तिला उत्तर देऊन पाठवायचंय.

त्र्यंबककर

ताई, मस्त विषय काढलात. तुम्ही म्हणता देऊळ नाही, पण आमच्या त्र्यंबकला या की. बाकी ज्योतिर्लिंगांना वर आलेली पिंडी असते, इथे खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा विष्णू महेश. गाभाऱ्यात वाकून बघायला मिळत नाही सगळ्यांना, बाहेरून वरच्या आरशात बघावं लागतं, आणि त्या आरशात ती तीन टोकं दिसली की पाणी त्यांच्यावरून फिरताना दिसतं. मी लहानपणी आजोबांना विचारायचो ह्यातला ब्रह्मदेव कुठला, ते म्हणायचे ज्याला आधी पाणी लागेल तो. खरंखोटं माहीत नाही पण माझ्या डोक्यात ते बसलंय.

आणि डोंगराचं नावच ब्रह्मगिरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो माणसं अनवाणी फेरी मारतात ती ब्रह्मगिरीची, म्हणजे ब्रह्मदेवाच्या नावाला प्रदक्षिणाच की.

गोदावरीचं माहात्म्य ज्या पुराणात आहे ते पण ब्रह्मपुराण, गौतमीमाहात्म्य त्यातलाच भाग, आणि ते सांगतो कोण तर स्वतः ब्रह्मदेव, नारदाला. त्यात गंगा कुठून येते बघा. ती आधी ब्रह्मदेवाच्या कमंडलूत असते. वामनाने दुसरं पाऊल उचललं तेव्हा ते पाऊल ब्रह्मदेवाने त्या पाण्याने धुतलं, तिथून ती शंकराच्या जटेत, आणि गौतम ऋषींनी तप केलं तेव्हा ब्रह्मगिरीवर उतरली. म्हणजे एका पाण्याला तिघांचा हात लागलाय. कमंडलूचा अर्थ मला तरी असा लागतो की पाणी अजून वाहायला लागलेलं नाही, साठवून धरलंय. नदी व्हायच्या आधीची नदी.

वाड्यातला पोर

वाखूसा (वाचनखूण साठवली). त्र्यंबककर काकांचं 'नदी व्हायच्या आधीची नदी' फार आवडलं.

माझा मुद्दा घराचा. माझं बालपण सराफ बाजाराच्या मागच्या एका वाड्यात गेलं, वाडा आता नाही. मधे चौक होता, फरशीचा, वर उघडं आभाळ, एका कोपऱ्यात तुळस. आजी चौकाच्या अगदी मधे काही ठेवू द्यायची नाही. खाट टाकायची नाही, पाट्यावरवंटा नाही, सायकल तर नाहीच नाही, लावली की ओरडा बसायचा, "ब्रह्मस्थान आहे ते, ब्रह्मदेवाला श्वास घेऊ दे." आम्हाला वाटायचं फरशीखाली कुणीतरी बसलंय आणि त्याला गुदमरेल.

मोठेपणी नवीन घराची वास्तुशांत केली तेव्हा गुरुजींनी तांदळावर नऊ गुणिले नऊ, एक्क्याऐंशी घरांचं मंडल मांडलं. कडेकडेने एकेका घरात एकेक देवता, इंद्र सूर्य यम वरुण वगैरे, आणि अगदी मधली नऊची नऊ घरं एकट्या ब्रह्मदेवाची. सगळ्यात मोठा वाटा. मी गुरुजींना विचारलं एवढी जागा त्यालाच का, ते म्हणाले बाकीच्यांना राखण करायची असते म्हणून ते कडेला, ह्याला काही करायचं नसतं, ह्याच्याभोवती घर होतं.

तेव्हा आजीच्या ओरडण्याचा अर्थ लागला. वाड्यात सगळं चौकाभोवती व्हायचं, पापड वाळायचे, बारशी व्हायची, म्हातारे ऊन खायला बसायचे, पाऊस आत पडायचा. मधली जागा मोकळी होती म्हणून ते होत होतं. ज्या देवाने सगळं केलं त्याला घरात मोकळी जागा द्यायची आणि त्यावर काही बांधायचं नाही, मला नाही वाटत ह्यापेक्षा मोठी पूजा असेल.

रानवारा

सगळ्यांचे प्रतिसाद छान आहेत पण मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे, राग मानू नका.

पाचवं तोंड म्हणजे अहंकार, तो छाटला, असं आपण लगेच म्हणून मोकळे होतो. पण ह्या गोष्टी सांगितल्या कुणी ते पण बघायला हवं. डोकं उडवल्याची, केतकीच्या खोट्या साक्षीची, ह्या मुख्यतः शैव पुराणातल्या गोष्टी. केतकीची सगळ्यांना माहीत असेलच तरी थोडक्यात सांगतो, अग्नीचा खांब उभा राहिला, विष्णू वराह होऊन खाली गेला, ब्रह्मा हंस होऊन वर गेला, टोक काही सापडेना, विष्णूने कबूल केलं आणि ब्रह्म्याने वरून पडणाऱ्या केतकीला खोटी साक्ष द्यायला लावलं. शाप बसला, तुझी पूजा होणार नाही, आणि केतकी शंकराला चालणार नाही. आजही केवडा पिंडीवर वाहत नाहीत.

पण त्याच्या आधी मागे गेलात तर प्रजापती, म्हणजे ब्रह्मदेवाचंच जुनं रूप, केवढा मोठा होता! कासव होऊन प्रजा निर्माण केली असं शतपथ ब्राह्मणात ज्याच्याबद्दल आहे तो प्रजापती. वराह होऊन पाण्यातून पृथ्वी वर काढली असं तैत्तिरीय संहितेत आहे तो पण प्रजापतीच. पुढे हे दोन्ही अवतार विष्णूकडे गेले. म्हणजे एकेक काम दुसऱ्याकडे जात गेलं आणि त्याच्याकडे राहिलं काय तर पोथी आणि जपमाळ. आपल्याकडे पंचायतन पूजतात त्यात शिव विष्णू देवी सूर्य गणपती, ब्रह्मा नाही. सिन्नरला गोंदेश्वराला जा, मधे महादेव आणि चार कोपऱ्यात चार छोटी देवळं, तिथेही तो नाही. यादवांच्या काळातच त्याची जागा गेली होती.

त्यामुळे मला वाटतं की पाचवं डोकं कापणं ही देवांची गोष्ट कमी आणि माणसांची जास्त आहे. कुणाची पूजा चालणार ह्याचा तो निकाल होता.

गोदाकाठची

@रानवारा राग कसला, हेच हवं होतं. पण मग नाशिकच्या गोष्टीत एक बघा ना, डोकं कापणाऱ्यालाच पाप लागतं आणि तो वणवण फिरतो. नुसता निकाल असता तर जिंकणाऱ्याला पापी कशाला ठरवलं असतं?

रानवारा

हे खरंय. ह्याचा विचार नव्हता केला. काशीला पण कपालमोचन तीर्थ आहे, तिथल्या गोष्टीत तर ती कवटी भैरवाच्या, म्हणजे शंकराच्याच, हाताला चिकटून राहते, सुटता सुटत नाही, तीच हातात घेऊन भीक मागत फिरतो. जिंकला पण हाताला लागलेलं सहज सुटलं नाही. मान्य.

कुंचला

मी मूर्ती रंगवते, गणपतीचा सीझन सोडून बाकी वर्षभर शाळांची, देवळांची कामं. एकदा एका शाळेच्या भिंतीवर ब्रह्मदेव काढायचं काम आलं होतं आणि तेव्हा कळलं हा देव काढायला किती अवघड. चार तोंडं चार दिशांना, कागदावर तीनच दिसणार. चौथं मागे आहे हे बघणाऱ्याने धरून चालायचं. मी चार पाच दिवस कच्ची चित्रं काढत होते, चारही तोंडं समोर आणायचा प्रयत्न केला तर ते रावणासारखं दिसायला लागलं. शेवटी तीनच काढली. मुख्याध्यापिका म्हणाल्या चौथं कुठे, म्हटलं भिंतीच्या आत आहे.

मग हातांचं. एका हातात जपमाळ, एकात पोथी, एकात कमंडलू आणि एकात यज्ञात तूप घालायची लाकडी पळी. हत्यार नाही! आपल्याकडे देवाच्या हातात काहीतरी धार असलेलं असतंच, गणपतीकडे सुद्धा परशू आहे. ह्याच्याकडे सगळ्या वस्तू मोजायच्या, वाचायच्या, ओतायच्या. माळ म्हणजे काळ मोजणं, पोथी म्हणजे वेद, असं सांगतात, आणि पळी बघितली की मला तर स्वयंपाकघरच आठवतं, जे करायचं त्यात थोडंथोडं आणि वेळेवर घालायचं.

दाढीचं पण गंमतशीर आहे, आपल्याकडे आणि उत्तरेत मूर्तींना दाढी असते पण दक्षिणेत बिनदाढीचा तरुण ब्रह्मा असतो. मी दाढीवालाच काढला, पिकलेली दाढी काढताना पांढऱ्यात थोडा निळा मिसळते.

जाता जाता, घारापुरीच्या त्रिमूर्तीला बरेच लोक ब्रह्मा विष्णू महेश म्हणतात, ती तिन्ही तोंडं शंकराचीच आहेत, सदाशिव आहे तो. ब्रह्मदेव तिथे आहे पण वेगळ्या शिल्पांमध्ये कडेला, हंसावर. आपल्या महाराष्ट्रातली ब्रह्मदेवाची जुनी मोठी मूर्ती बघायची असेल तर नालासोपाऱ्याला चक्रेश्वराच्या देवळाजवळ आहे.

आणि हो, सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. शास्त्राप्रमाणे घडवलेल्या शिवलिंगाचे तीन भाग असतात. वरचा गोल, तो रुद्राचा, आपल्याला तेवढाच दिसतो. मधला अष्टकोनी, तो विष्णूचा, शाळुंकेत बसतो. आणि सगळ्यात खालचा चौकोनी भाग ब्रह्मभाग, तो पूर्ण जमिनीत. म्हणजे @रानवारा, गोंदेश्वराला तो कोपऱ्यात नाही पण असं लिंग जिथे जिथे बसवलंय तिथे तो खाली आहे. आपण पाणी घालतो ते वरच्यावर, पण तोलून धरलंय त्या चौकोनाने.

वाड्यातला पोर

अंगावर काटा आला वाचून. भिंतीच्या आत, जमिनीच्या खाली, चौकाच्या मधे.

सटवाईची पाचवी

माझं थोडंसंच. आमच्याकडे बाळ झालं की पाचव्या दिवशी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात, आधी बोरू ठेवायचे. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात. सासूबाई म्हणायच्या सटवाई फक्त लिहिते, सांगणारा ब्रह्मदेव. म्हणून ब्रह्मलिखित म्हणायचं. माझ्या लेकीच्या पाचवीला सकाळी उठून मी तो कागद बघितला होता, कोराच होता, तरी जपून ठेवलाय. आता ती बावीसची आहे.

भाषा पण बघा ना, ब्रह्ममुहूर्त, ब्रह्मवाक्य, ब्रह्मघोटाळा, ब्रह्मांड आठवलं, ब्रह्मदेवाचा बाप आला तरी! दिवसातून कितीदा त्याचं नाव घेतो आपण.

शाळेच्या बाई

निवृत्त संस्कृत शिक्षिका, त्यामुळे थोडं शिकवल्यासारखं होईल, चालवून घ्या.

वरच्या शब्दांत दोन वेगळे शब्द मिसळलेत. ब्रह्म हे नपुंसकलिंगी, ते तत्त्व. ब्रह्मा हा पुल्लिंगी, तो देव, आपण मराठीत ब्रह्मदेव म्हणतो म्हणून घोळ कमी होतो. दोन्हींचा धातू बृह्, म्हणजे वाढणे, फुगणे, मोठं होणे. ब्रह्मानंदी टाळी लागते ती तत्त्वात, ब्रह्मलिखित असतं ते देवाचं.

आता ब्रह्मा हा शब्द आणखी एका माणसासाठी आहे आणि मला वाटतं तुमच्या भाचीच्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. मोठ्या यज्ञात चार मुख्य ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित. होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू हाताने कर्म करतो आणि यजुर्मंत्र म्हणतो, उद्गाता साम गातो. चौथा ब्रह्मा. तो दक्षिणेला बसतो आणि मुख्य काम काय तर गप्प राहून लक्ष ठेवणं. त्याला तिन्ही वेद यावे लागतात, सगळ्यात जास्त माहिती त्यालाच, पण तो बोलत नाही. कुणाचा मंत्र चुकला, आहुती चुकली, तर तो प्रायश्चित्त करून ती चूक भरून काढतो. छांदोग्य उपनिषदात त्याचं वर्णन आहे, बाकीचे वाणीने यज्ञ करतात, ब्रह्मा मनाने. आजही घरी होम असला की गुरुजी दक्षिणेला दर्भाचा ब्रह्मा मांडतात, बघितलं असेल तुम्ही, दर्भाची एक छोटी जुडी गाठ मारून पाटावर ठेवलेली असते, मुलं उचलतात खेळायला.

आता हे आणि पाचवं तोंड शेजारी ठेवून बघा. यज्ञातल्या ब्रह्म्यालाही दोष दिसतो. पाचव्या तोंडालाही दोषच दिसत होता. एक दोष दिसला की गप्प राहून भरून काढतो, दुसरं दोष दिसला की बोलत सुटतं. बाळ, निंदा कुणी शिकवली तर कुणी नाही, ज्याला खूप येतं त्याला चुका दिसतातच, पुढे काय करायचं तेवढंच त्याच्या हातात. हा माझा लावलेला अर्थ आहे, कुठल्या टीकेत नाही.

आणि एक गोष्ट लपवायची नाही. मत्स्यपुराणात तोंडं आली कशी तर शतरूपा निर्माण झाली, ती त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालायला लागली, आणि तिच्यावरून नजर हटेना म्हणून उजवीकडे, मागे, डावीकडे तोंडं फुटली आणि शेवटी वर. ती त्याची मुलगी होती. चार तोंडं म्हणजे चार वेद, चार दिशा हे सगळं खरं, पण पुराणकारांनी ही दुसरी गोष्ट पण लिहून ठेवलीय आणि वर्गात मुली हाच प्रश्न विचारायच्या. मी कधी टाळला नाही.

निफाडकर

बाई, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर बोलतो. ती गोष्ट ब्राह्मण ग्रंथांत आधीपासून आहे ना, ऐतरेयात, प्रजापती हरीण होऊन मुलीच्या मागे लागला, ती रोहिणी झाली, आणि देवांनी रुद्राला सांगून त्याला बाण मारला. हे सगळं आकाशात दिसतं. आमची द्राक्षाची बाग आहे, थंडीत भुरी रोगासाठी, दवासाठी पहाटे रात्री बागेत जावंच लागतं तेव्हा मी रोज बघतो. मृग नक्षत्र, त्याच्या पोटात ओळीने तीन तारे तो बाण, मागे खाली व्याध एकदम तेजस्वी, आणि पुढे लालसर रोहिणी. व्याध मृगाच्या मागे आणि मृग रोहिणीच्या मागे, रात्रभर पळतात आणि गाठत कुणीच कुणाला नाही. रोहिणीची देवता पण प्रजापतीच धरतात. तिथून वर उत्तरेकडे एक पिवळसर ठळक तारा आहे त्याचं नाव ब्रह्महृदय. म्हणजे आधी आकाश बघितलं असेल आणि मग गोष्ट लावली असेल असं मला वाटतं.

जूनमध्ये मृग लागला की आम्ही पेरणीचं बघतो. बाण लागलेला प्रजापती आणि पहिला पाऊस एकाच नावाचे.

शाळेच्या बाई

वर्णन फार सुंदर केलंत. पण भाऊ, आकाशातून आली म्हणून गोष्ट टोचायची थांबत नाही. देवांनी स्वतः त्याला शिक्षा केली, जो सगळ्यांचा बाप त्यालाही सोडलं नाही, मला त्यातला हा भाग मोलाचा वाटतो. मुलींना मी तेच सांगायचे.

निफाडकर

पटलं बाई. मी त्या बाजूने बघितलंच नव्हतं, मला दोन मुली आहेत.

हंसाबद्दल सांगायचं राहिलं. लोक पांढरा लांब मानेचा युरोपातला पक्षी काढतात, तो आपल्याकडचा नाही. जुन्या शिल्पातला हंस जाड मानेचा, बदकापेक्षा मोठा दिसतो. तसा पक्षी थंडीत आमच्याकडे नांदूरमधमेश्वरला येतो, राखाडी अंग आणि डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, पक्षीवाले पट्टकादंब म्हणतात. हिमालय ओलांडून येतो तो, उन्हाळ्यात मानस सरोवराच्या बाजूला तिकडे तिबेटात असतो. आपल्या गोष्टीत हंस मानस सरोवरातून येतो म्हणतात ते उगाच नाही. मी एकदा पहाटे धुक्यात बंधाऱ्याजवळ उभा होतो तर आधी नुसता आवाज आला, आंक आंक असा, दिसत काहीच नाही, आणि मग एकदम डोक्यावरून दहा बारा गेले इतके खाली की पंखांचा वारा ऐकू आला. दूध आणि पाणी वेगळं करतो का माहीत नाही, पण जमीन, पाणी आणि आभाळ तिन्हीकडे वावरतो आणि कुठेच अडकत नाही, ब्रह्मदेवाला हे वाहन का दिलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. आणि पाणी गोदेचंच आहे तिथलं, त्र्यंबकहून आलेलं.

गुरुवारचा उपास

ब्रह्मदेवाची पूजा होत नाही असं वर पुन्हा पुन्हा आलंय म्हणून लिहितो. महाराष्ट्रात दर गुरुवारी होते. दत्ताची सहा हातांची मूर्ती बघा. वरच्या दोन हातांत शंख चक्र विष्णूचे, मधल्यात डमरू त्रिशूळ शंकराचे, आणि सगळ्यात खालच्या दोन हातांत माळ आणि कमंडलू. ते ब्रह्मदेवाचे हात. देवळात उंबऱ्यावरून हात जोडले की लहान मुलाच्या नजरेसमोर आधी तेच हात येतात. आपण दत्ताच्या पायावर डोकं ठेवतो तेव्हा कमंडलूच्या अगदी जवळ असतो.

भागवतात जरा वेगळं आहे, तिथे अत्री अनसूयेला तीन मुलगे, चंद्र ब्रह्म्याच्या अंशाने, दत्त विष्णूच्या, दुर्वास शंकराच्या. आपल्याकडे तिघं एकत्र आले. शाप असेल तर असेल, मराठी माणसाने त्याला दोघांच्या बरोबर उभं करून घरात आणलं.

अवांतर: पुष्करला ब्रह्मदेवाच्या देवळात जाऊन आलोय, त्याची बायको सावित्री, तिचं देऊळ वेगळ्या टेकडीवर आहे. यज्ञाला तिला उशीर झाला म्हणून ब्रह्मदेवाने गायत्रीला शेजारी बसवलं, तर सावित्रीने शाप दिला. दोन्ही देवळं एकमेकांपासून लांब. गोव्यात सत्तरीत ब्रह्मकरमळीला पण आहे, पोर्तुगीज काळात मूर्ती तिसवाडीतल्या करमळीहून हलवून आणलेली. छोटं शांत गाव, जरूर जा.

नवा वाचक

ब्रह्मदेवाचा एक दिवस चार अब्ज बत्तीस कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय साडेचार अब्जच्या आसपास, म्हणजे आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं असं म्हणता येईल का?

शाळेच्या बाई

आकडा जवळ आला म्हणून नातं जोडू नये. कल्प म्हणजे त्याचा एक दिवस, एक हजार महायुगं, एक महायुग त्रेचाळीस लाख वीस हजार वर्षांचं, तो गुणाकार आहे. मला त्यात दुसरंच मोठं वाटतं. एवढा मोठा दिवस दिला आणि तरी शंभर वर्षांनी त्यालाही मरण दिलं. तो झोपला की सगळं मावळतं आणि सकाळी उठून पुन्हा पहिल्यापासून. करणारा सुद्धा कायमचा नाही, असं सांगायला धीर लागतो.

ताई, भाचीसाठी आणखी एक. ऋग्वेदात दहाव्या मंडलात हिरण्यगर्भ सूक्त आहे, १२१वं. पहिल्या नऊ ऋचांच्या शेवटी एकच प्रश्न, कस्मै देवाय हविषा विधेम, कोणत्या देवाला आम्ही आहुती अर्पण करावी? शेवटच्या ऋचेत उत्तर येतं, प्रजापती. पण नंतरच्यांनी गंमत केली, ते म्हणाले 'क' हेच त्याचं नाव. क म्हणजे कोण. प्रश्नच देवाचं नाव झाला. तिला सांगा, तू विचारलंस तेव्हा तू त्याला हाकच मारलीस.

गोदाकाठची

काल रात्री जेवणं झाल्यावर तिला सगळं वाचून दाखवलं, काही ठिकाणी सोपं करून. शतरूपेचं पण सांगितलं, बाईंसारखंच, न टाळता. गप्प बसून ऐकलं तिने.

बाबांनी आज सकाळी पूजेला तिला शेजारी बसवलं. संकल्प एकेक शब्द सांगून तिच्याकडून म्हणून घेतला, हातात पळीभर पाणी दिलं. 'द्वितीये परार्धे'ला अडखळली, पुन्हा म्हटलं, आणि पाणी सोडल्यावर विचारते, "आजोबा, म्हणजे ब्रह्मदेव माझ्या बाबांपेक्षा मोठा आणि तुमच्यापेक्षा लहान?" बाबा म्हणाले हो, एक्कावन्न म्हणजे माझ्यापेक्षा लहानच. ते दिवसभर खूश आहेत.

मग दुपारी तिने वहीत चित्र काढलं. तीन तोंडं काढली, आणि पान उलटून मागच्या बाजूला बरोबर त्याच जागी चौथं. @कुंचला ताई, हे तुमच्यासाठी. पाचवं काढलंच नाही, मी विचारलं तर म्हणाली, "ते गप्प बसायला शिकलंय, ते दक्षिणेला बसलंय," आणि पानाच्या खालच्या कडेला एक गाठ काढलीय, दर्भाची जुडी आहे ती.

शनिवारी त्र्यंबकला नेतेय तिला. तिला आरशात तीन टोकं बघायचीत आणि पाणी आधी कुणाला लागतं ते. @त्र्यंबककर काका, मधे गर्दी किती असते हल्ली?

त्र्यंबककर

शनिवार रविवार खूपच असते ताई. पहाटे देऊळ उघडतं तेव्हाच या, नाशकातून पहिली एसटी पकडा किंवा गाडीने निघा अंधारातच. आधी कुशावर्तावर पाय धुवा, मग दर्शन. पोरीला गरम कपडे घाला, पहाटे ब्रह्मगिरीवरून वारा उतरतो. आणि चित्र घेऊन या, बघायचंय मला.